पुठ्ठ्याआड

बाबा "नको" म्हणाले आणि तिने ते खरं धरलं. झालं ते एवढंच. दारात मत घ्यायला आलेली माणसं उभी होती. हातात फाईल घेतलेल्या अधिकारी बाई, कुलूप लावलेली पत्र्याची पेटी छातीशी धरलेला शिपाई आणि त्यांच्यामागे चार मजले चढून दम लागलेला पोलीस, कारण लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. अंथरुणाला खिळलेल्यांचं मत घरी येऊन घ्यायची सोय यंदा केली होती. मागे कधीतरी कुणी विचारून गेलं होतं, तिने हो म्हटलं होतं आणि विसरूनही गेली होती. बाई पलंगाजवळ वाकल्या आणि लहान मुलाशी बोलावं तशा मोठ्याने म्हणाल्या, "आजोबा, मत द्यायचं ना?" बाबा म्हणाले, "नको." बाईंनी पुन्हा विचारलं. बाबा आणखी जोरात म्हणाले, "नको, नको." बाईंनी तिच्याकडे पाहिलं. दिवसा बाबांजवळ बसणाऱ्या मावशी अजून आल्या नव्हत्या, दवाखान्यात पहिला पेशंट येऊन बसला असणार होता, गॅसवर दूध होतं. ती म्हणाली, "नको म्हणतायत. राहू द्या." बाईंनी पुढे केलेल्या कागदावर तिने नकाराची सही केली, माणसं गेली, दूध उतू गेलं नाही. ते उतरवून ती बाहेर आली तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. बाबांच्या डाव्या हाताचा अंगठा पलंगाच्या लाकडी कडेवर आपटत होता. तो बहुधा मघापासूनच आपटत असावा.

झटका आला तेव्हापासून बाबांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं, फक्त एक शब्द मागे राहिला होता. घर रिकामं करताना एखादी खुर्ची विसरून राहावी तसा. चहा देऊ का म्हटलं की नको, आणि तोंड उघडायचे. कूस बदलू का म्हटलं की नको, आणि खांदा सैल सोडायचे. मावशींना हे दोन दिवसांत कळलं होतं. त्या म्हणायच्या, आजोबा नको म्हणाले की समजायचं, जिभेला काहीतरी बोलायचंय. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, जरा जड भाषेत. मग उत्तर कुठे बघायचं, तर अंगठ्याकडे. हो असेल तर अंगठा दाबायचा, नसेल तर नाही. ही युक्ती तिनेच बसवली होती आणि बसवताना तिला थोडा अभिमानही वाटला होता, कारण तिचा धंदाच तो होता. आणि आज, जे ती रोज डोळ्यांत तेल घालून बघते, तेच तिने बघितलं नव्हतं, कारण नको या शब्दाने तिची सोय होत होती.

दवाखान्यात ती कान तपासते. आवाज न येणारी एक छोटी खोली, तिला एक काच, काचेच्या आत पेशंट, बाहेर ती आणि तिचं यंत्र. पेशंटच्या हातात एक बटण. ती सगळ्यांना तेच वाक्य सांगते, झोपेत उठवलं तरी सांगेल: आवाज कितीही बारीक असला, आहे की नाही असं वाटलं, तरी दाबायचं. लोक गमतीचे असतात. काहींना बहिरं ठरायचं नसतं, ते काहीच वाजत नसताना दाबत सुटतात. त्यांना पकडणं सोपं असतं. अवघड असतात ते दुसरे, ज्यांना ऐकू येतं आणि दाबत नाहीत. एक शिक्षक आले होते, निवृत्त, नीटनेटके, खिशाला पेन. त्यांचा आलेख इतका वाईट आला की तिने तपासणी पुन्हा करायची ठरवली, आणि आत जाऊन विचारलं तर म्हणाले, ऐकू येत होतं हो, पण इतका बारीक आवाज काय मोजत असतील, असं वाटलं. ती हसली होती आणि म्हणाली होती, "सर, बारीकच तर मोजायचा असतो." संध्याकाळी तिने हे बाबांना सांगितलं. बाबा तेव्हा बोलत होते, चालत होते, दिवेलागणीला गॅलरीत बसून चहा पीत होते. ते नुसते तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसत राहिले. मतदान तेव्हा नुकतंच होऊन गेलं होतं आणि ती गेली नव्हती. ते का हसत होते हे तिला आत्ता, या अंगठ्याकडे बघताना कळलं, आणि तिला स्वतःचा राग आला.

ती तशीच अनवाणी जिना उतरली. उतरताना तिच्या डोक्यात मतदान वगैरे काही नव्हतं. बाबांचे बूट होते. मतदानाच्या दिवशी बाबा बूट घालायचे. एरवी जन्मभर चपला. काच बसवणाऱ्या माणसाच्या पायात चपला बऱ्या, म्हणायचे, तुकडा शिरला तर लगेच कळतो. पण त्या दिवशी सकाळी बुटांना पॉलिश, दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि मग तिच्या खोलीच्या दारात येऊन एकच प्रश्न, "येतेस?" ती पांघरुणातून म्हणायची, "नको, बाबा." ते कधी रागावले नाहीत. भाषण दिलं असतं तर तिला भांडता आलं असतं, कारण तिच्याकडे सगळी उत्तरं तयार होती. सगळे एकाच माळेचे मणी. आपल्या एकटीच्या मताने काय आभाळ कोसळणार आहे? एकदा ती गेलीही होती, अगदी पहिल्यांदा, तर दोन तास उभं राहिल्यावर तिचं नाव भलत्याच शाळेत निघालं, आणि तिथे जाईपर्यंत दार बंद. त्यानंतर तो दिवस तिने धुणं आणि झोप यांना देऊन टाकला. बाबा दरवेळी विचारायचे आणि ती दरवेळी नको म्हणायची. इतके शब्द होते बाबांच्या डोक्यात, काचांची मापं, गिऱ्हाइकांची नावं, आईला चिडवायचे शंभर प्रकार. ते सगळे गेले आणि राहिला तो नेमका हा. हा त्यांचा शब्दच नव्हता, तो तिचा होता, असं जिन्याच्या वळणावर तिला वाटलं आणि उरलेल्या पायऱ्या ती धावत उतरली.

गाडी सुरू झाली होती. ती समोर उभी राहिली म्हणून थांबली. अधिकारी बाईंनी काच खाली केली आणि सगळं ऐकून घेतलं. मग थकलेल्या आवाजात म्हणाल्या की ताई, नकार नोंदवून झाला, तुम्हीच सही केलीत, आता मला असं मागे फिरता येत नाही. मागे बसलेला पोलीस जिन्याकडे बघून आधीच सुस्कारे टाकत होता. तिला नियम माहीत नव्हते. ती गाडीच्या दारावर हात ठेवून उभी राहिली आणि जे तोंडात आलं ते म्हणाली.

"सही माझी आहे हो. मत त्यांचं आहे."

बाई तिच्या अनवाणी पायांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फाईल उघडून पाहिली, अजून पुढच्या घराची नोंद केली नव्हती, आणि वरिष्ठांना फोन लावला. फोनवर बराच वेळ हो सर, नाही सर चाललं. शेवटी त्या खाली उतरल्या, पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, "चला. पण त्यांनी स्वतः सांगायला हवं. तुम्ही सांगून चालणार नाही."

वर येऊन तिने बाबांचा डावा हात चादरीवर उताणा ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. हा अंगठा साधा नव्हता. काच कापायला उजवा हात, लांबी, म्हणजे काचेच्या कडेची पुट्टी, दाबायला डावा; चौकटीत काच बसवली की कडेने लांबीची वळी लावायची आणि अंगठ्याने एका ओढीत दाबत न्यायची, असं बाबा जन्मभर करत आले. त्या अंगठ्याचं पेर चपटं आणि रुंद झालं होतं. लहानपणी ती तो अंगठा आपल्या मुठीत धरून चालायची. आता सगळ्या अंगात तेवढाच शाबूत होता. ती कामावर विचारते तसं तिने विचारलं, आवाज न चढवता, आणि मान न हलवता. बाबा, मत द्यायचंय? बाबा "नको" म्हणाले आणि अंगठा खाली गेला. बाईंनी तिला थांबवून स्वतः उलटं विचारलं, आजोबा, आम्ही परत जाऊ का? "नको," बाबा म्हणाले आणि अंगठा जागचा हलला नाही. बाईंनी पुन्हा पहिला प्रश्न विचारला. अंगठा खाली गेला. शिपाई नकळत म्हणाला, वा आजोबा.

मग पलंगावरच्या जेवणाच्या चौरंगावर त्यांनी पुठ्ठ्याची घडी उघडून तीन बाजूंचा आडोसा उभा केला आणि आत मतपत्रिका ठेवली. बाई म्हणाल्या, ज्यांचा हात चालत नाही त्यांच्यासाठी घरचं माणूस खूण करू शकतं; तुम्ही एकेका नावावर बोट ठेवा, त्यांचा अंगठा जिथे दाबेल तिथे फुली करा, आणि कळलेलं कुणाला सांगू नका. ती पुठ्ठ्याच्या आत वाकली. पहिल्या नावावर बोट ठेवलं. थांबली. दुसऱ्यावर ठेवलं. बाबांचा श्वास तिच्या कानाला लागत होता. ती तळापर्यंत आली. अंगठा हलला नव्हता. दमले असतील, असं म्हणून ती पुन्हा वरून सुरुवात करणार तेवढ्यात तिने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. ते मतपत्रिकेकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत राग नव्हता, संकोच होता. मावशी नसताना पहिल्यांदा तिने त्यांचे कपडे बदलले होते तेव्हाचा.

आईला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आईचं मत घरातून निघण्याआधीच जगजाहीर असायचं, ती जिन्यात भेटेल त्याला सांगत जायची. परतताना बाबांना विचारायची, आणि बाबा म्हणायचे, "मला माहीत, त्या पुठ्ठ्याला माहीत." आई चिडायची, इतकी वर्षं संसार केला आणि हा मेला माणूस एवढंही सांगत नाही. घरात ती एक गंमतच झाली होती. दादा निकालाच्या दिवशी बाबांचा चेहरा बघून अंदाज बांधायचा आणि दरवेळी चुकायचा. आईच्या शेवटच्या आजारात, दवाखान्यात, तिने उशीवरून मान वळवून विचारलं होतं, आता तरी सांगा की हो. बाबांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, हसले, आणि सांगितलं नाही. आई गेल्यावर बऱ्याच दिवसांनी ते गॅलरीत म्हणाले, तिला सांगायला हवं होतं का गं? ती म्हणाली, मग का नाही सांगितलं? तेव्हा त्यांनी दुकानाच्या मालकाची गोष्ट सांगितली, जी तिने त्याआधी कधी ऐकली नव्हती. मालक मतदानाच्या दिवशी सगळ्या कामगारांना टेम्पोत घालून न्यायचा. वाटेत कुणाला द्यायचं ते सांगायचा आणि परत आल्यावर एकेकाला समोर घेऊन विचारायचा. "मी त्याच्या टेम्पोत बसायचो, त्याचा चहा प्यायचो, त्याने सांगितलं ते नाव घ्यायचो," बाबा म्हणाले. "पण त्या पुठ्ठ्याआड तो येत नव्हता. जन्मभर लोक म्हणतील तिथे काच बसवली मी. तेवढी एक जागा माझी होती. एकदा सांगायला लागलो असतो, तर ती राहिली नसती." तिला तेव्हा हे जरा अतीच वाटलं होतं. मरणाऱ्या बायकोला एक नाव सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता तिने विचारलं, "बाबा, मी खूण करू?" अंगठा हलला नाही. "नको," बाबा म्हणाले. या वेळी नको म्हणजे खरंच नको होतं. तिने शिपायाकडून पेन घेतलं आणि बाबांच्या डाव्या हातात, अंगठा आणि बोटांच्या मध्ये नीट बसवलं. पेन पडलं नाही. ती बाहेर आली आणि म्हणाली, आपण सगळे तोंड फिरवू या. बाई आधी वळल्या. सगळे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, पेटी, पोलीस, सगळे. खिडकीची काच बाबांनीच बसवलेली होती, अजून एक बुडबुडा नाही, की लांबीला एक तडा नाही. बाहेर ढग आल्याने ऊन मंदावलं होतं आणि काचेत पलंग दिसत होता. पुठ्ठ्याची कड दिसत होती, वरून वाकलेलं बाबांचं डोकं दिसत होतं, जरा टाचा उंच केल्या असत्या तर कागदही दिसला असता. तिने डोळे मिटले.

म्हणून तिला ऐकू आलं. डोळे उघडे असते तर आलं नसतं. आधी काहीच नाही, नुसता श्वास. मग पेनाचं टोक कागदाला टेकल्याचा बारीक टक. आणि मग रेघ. तिला तो आवाज लहानपणापासून पाठ होता. दुकानात बाबा हिऱ्याचं टोक काचेवर ठेवायचे, पट्टी धरायचे आणि एका दमात या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढायचे. रेघ एकदाच ओढायची, मध्ये थांबायचं नाही, पुन्हा गिरवायची नाही, नाहीतर काच वेडीवाकडी फुटते. सलग, एकसारखा, लांब आवाज. आता पेन तसंच चाललं होतं. फुली करायची होती. चिमुकल्या चौकोनात, नखाएवढ्या जागेत. पण हाताला जे येत होतं तेच हाताने केलं होतं, आणि तेसुद्धा उजव्या हाताचं काम डाव्याने. रेघ चौकोनातून निघाली, पुढे गेली, शेजारच्या रकान्यात गेली, कागद संपेपर्यंत गेली. टोक चौरंगाच्या लाकडावर घसरल्याचाही आवाज तिला आला. मग पेन खाली पडलं.

"झालं?" बाई खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या.

तिने बोलायला हवं होतं. पेटीत जाईपर्यंत कागद बदलून मिळतो, हे बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण त्यासाठी तिला तो कागद बघावा लागला असता. बाबांना सांगावं लागलं असतं की तुमचं चुकलं. मग पुन्हा तिचं बोट, पुन्हा ती नजर. ती वळली. बाबा मागे उशीला टेकले होते, कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर तेच होतं जे काच चौकटीत अचूक बसल्यावर यायचं. तिला हे मत बाद होणार हे माहीत होतं. खोलीतल्या बाकी कुणाला माहीत नव्हतं. "झालं," ती म्हणाली. न बघता, बोटांनी चाचपत तिने कागदाची घडी घातली आणि बाबांच्या हातात दिली. शिपायाने पेटी जवळ आणली. बाबांनी अंगठ्याने घडी फटीत ढकलली आणि आत गेली तरी अंगठा थोडा वेळ तिथेच दाबून धरला.

त्या दिवशी दवाखान्यात तिचं लक्ष लागलं नाही. काचेपलीकडच्या प्रत्येक अंगठ्याकडे बघताना तिला वाटत होतं की आपण बरोबर केलं, आणि लगेच वाटत होतं, कसलं बरोबर? त्यांनी जपलेली एक गोष्ट तू वाया जाऊ दिलीस. पेटी उघडतील, कुणीतरी कंटाळलेला माणूस कागद उलगडेल, ती लांब रेघ बघेल, म्हणेल कुणी बावळटाने रेघोट्या मारल्यात, आणि बाजूच्या ढिगात टाकेल. तिथे कुणाला सांगणार की ही काच कापणाऱ्याची रेघ आहे, बघा किती सरळ आहे? तिला रडू येत होतं आणि आतला पेशंट बटण दाबत होता. संध्याकाळी घरी येऊन तिने शेजाऱ्यांकडून साठलेली वर्तमानपत्रं आणली आणि उमेदवारांचं सगळं वाचत बसली. मावशींनी विचारलं, हे काय नवीन? ती म्हणाली, काही नाही, बघतेय.

मतदानाच्या आदल्या पहाटे बाबांना दुसरा झटका आला. डॉक्टर घरी येऊन गेले आणि म्हणाले, आता हलवू नका, असू द्या त्यांना त्यांच्या पलंगावर. बाबांचे डोळे मिटलेले होते, श्वास चालू होता, शब्द उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मावशींना जवळ बसवलं. कपाटातून बाबांचे बूट काढून तिने पुसले आणि ते पलंगाखाली ठेवले. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग स्वतःच्या चपला घालून ती निघाली. रांग मोठी होती. पुढचा माणूस मागच्याला सांगत होता की कशाला येतो आपण उगीच, काही फरक पडत नाही, आणि तरी उन्हात उभा होता. तिच्या बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आत गेल्यावर तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही, ना छाती धडधडली ना बाबा आठवले. तिथे फक्त शांत होतं, तिच्या खोलीत असतं तसं. तिने अंगठ्याने बटण दाबलं. यंत्राचा लांब, एकसारखा आवाज आला.

घरी आली तेव्हा दादाचा फोन वाजत होता. त्याला यायला गाडी मिळत नव्हती, तो रडवेला झाला होता, आणि बोलता बोलता तिने सांगितलं की मी मत द्यायला गेले होते. तू? दादा म्हणाला. कुणाला दिलंस?

"मला माहीत, त्या पुठ्ठ्याला माहीत."

मग दादाने नाक ओढलं आणि म्हणाला, "बाबांचं झालं ना गं नीट?"

"हो," ती म्हणाली. "एका रेघेत."

फोन ठेवून ती पलंगाजवळ बसली. मावशी चहा करायला आत गेल्या. तिने बाबांचा डावा हात उताणा करून चादरीवर ठेवला आणि त्यांच्या कानाशी वाकली. म्हणाली, "बाबा, जाऊन आले." आवाज तिने मुद्दाम चढवला नाही. मग तिने अंगठ्याकडे नजर लावली. कामावर असं थांबावंच लागतं, घाई करून चालत नाही. कितीतरी वेळा आवाज पोचायला उशीर लागतो, किंवा पोचलेला असतो आणि माणूस ठरवत असतो. अंगठा हलला नाही. चहाचा वास आला, मावशींनी कप तिच्याजवळ आणून ठेवला. ती बघत राहिली.